मुक्कामी गाडीचा डबा

आमचं गाव एसटीच्या रस्त्यावरचं शेवटचं. त्याच्या पुढं डांबर नव्हतं, नुसता माळ होता. गाडी यायची, लिंबाच्या झाडाला वळसा घालायची आणि आल्या रस्त्यानं परत जायची. त्या वळणावर आईची चहाची टपरी होती. वर पत्रा, खाली चूल, एक बाकडं आणि कान तुटलेल्या कपांचा एक ढीग. वडील खाणीवर दगड फोडायला जायचे. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की काम बंद, मग घरची चूल दिवसातून एकदाच पेटायची. टपरीवरचा उरलेला चहा आणि सकाळची भाकरी, हे आमचं रात्रीचं जेवण कित्येकदा असायचं. भाकरी चहात बुडवून मऊ झाली की पोट लवकर भरतं, असं आई सांगायची. ते खरं नव्हतं, पण तेव्हा पटायचं.

आमच्या घरातून कुणी कुठं निघालं की आई एकच प्रश्न विचारायची. काम काय? मयत हे काम होतं, लग्न हे काम होतं, दवाखाना हे काम होतं. नुसतं बघायला जाणं हे काम नव्हतं. आईच्या डोळ्यांसमोरून रोज गाड्या यायच्या-जायच्या, पाटीवरच्या गावांची नावं तिला तोंडपाठ होती, पण त्यातलं एकही गाव तिनं उगाच म्हणून पाहिलेलं नव्हतं. गाडीत बसणारी माणसं वेगळी आणि गाडीतून उतरणाऱ्यांना चहा देणारी वेगळी, असं काहीतरी तिच्या डोक्यात पक्कं होतं.

मी दहावी झाले त्या वर्षी गावाला मुक्कामी गाडी सुरू झाली. म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी परत जायची नाही, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. कॉलेज सकाळचं. ती पहाटेची गाडी असेल तरच मला कॉलेज होतं, नाहीतर नव्हतं. पण आमच्या गावात मुक्काम करायला कुणी राजी नव्हतं. पाण्याची बोंब, डास आणि खायला काही मिळत नाही, असं ड्रायव्हर लोक टपरीवर बसून एकमेकांना सांगायचे. डेपोत सांगून हा मुक्काम बंद करून टाकू, असंही एक जण म्हणाला. आई चहा गाळत होती. तिनं गाळणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, उद्यापासनं भाकरी माझ्याकडं. मुक्काम मोडू नका."

दुसऱ्या दिवसापासून दोन डबे सुरू झाले. एक ड्रायव्हरचा, एक कंडक्टरचा. एकाच डब्यात दोघांचं घालायचं नाही, ज्याचं त्याला स्वतंत्र, मानानं द्यायचं, हा तिचा नियम. ते दोघं जेवल्याशिवाय ती जेवायची नाही. आमच्या वाट्याला कमी यायचं, कधी कधी फारच कमी यायचं, पण गाडी राहिली. ड्रायव्हर बदलले, कंडक्टर बदलले, आमच्या गावचा मुक्काम मागून घेणारेही निघाले. अंधारात इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला की मी दप्तर घेऊन पळायचे. त्याच गाडीनं मी बी.एस्सी. केलं. पुढं विद्यापीठात जाऊन एम.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी मिरवून सांगते. ज्याला खटकत असेल त्यानं खुशाल खटकून घ्यावं.

नेदरलँडमधल्या नायमेखनला मी आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळं. पहिली काही वर्षं मी त्याच्या व्हिसावरची बायको होते, नंतर माझं शिक्षण इथल्या लोकांना दिसलं आणि मला चिप तपासायच्या लॅबमध्ये काम मिळालं. नवरा पुण्याचा. त्याच्या घरात सुट्टी लागली की बॅगा भरायची पद्धत. त्यामुळं आल्या आल्या त्यानं मला ट्यूलिपची बाग दाखवली, पवनचक्क्या दाखवल्या, कालव्यातून बोटीनं फिरवलं. सगळं सुंदर होतं. पण मला तिथं परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. सगळे जण जे बघताहेत ते आपल्यालाही दिसलंच पाहिजे, आणि त्यासमोर उभं राहून फोटो काढलाच पाहिजे.

माझी माझी फिरती सुरू झाली ती एका शनिवारी. बाजारातून घरी यायला बसमध्ये बसले, आमचा थांबा आला आणि मी उतरलेच नाही. का, ते सांगता येत नाही. बस पुढं गेली, माणसं उतरत गेली, घरं विरळ झाली, मग शेतं आणि शेवटी एका चर्चपाशी बसनं वळसा घेतला. मी खाली उतरले. एक बाक होतं, एक सायकल उभी करायची कमान होती आणि कुंपणाच्या तारेवर धुकं वाळत घातल्यासारखं पसरलेलं होतं. तिथं काहीही बघण्यासारखं नव्हतं. मी तासभर बघत बसले.

मग सवयच लागली. सुट्टीच्या दिवशी नकाशावर एखाद्या बसची शेवटची पाटी शोधायची आणि तिथवर जाऊन यायचं. उत्तरेला एक बस समुद्रात घुसलेल्या लांबलचक बांधावरून जाते. मी गेले तेव्हा ओहोटी होती. बसच्या दोन्ही बाजूंना समुद्र नव्हताच, नुसता करडा चिखल आणि त्यात आभाळ पडलेलं. आपण जमिनीवरून चाललोय की ढगातून, काही केल्या कळेना. रॉटरडॅमला एक शेवटचा थांबा बंदराच्या आत आहे, तिथं माझ्याशिवाय कुणीच उतरलं नाही. लांबवर क्रेनांची रांग होती, पाणी प्यायला वाकलेल्या उंच जनावरांसारखी, आणि त्यांच्या पायाशी हळूहळू मालाचे मोठाले डबे हलत होते, आवाज न करता. एकदा सफरचंदांच्या बागेत उतरले. फुलं गळत होती आणि थांब्याच्या बाकावर त्यांचा पातळ थर साचला होता. कुणीतरी आधी बसून गेलं होतं, तेवढीच जागा मोकळी होती. मी त्याच जागेवर बसले.

नवरा चेष्टा करायचा. बाकीच्या बायका देश बघतात, तू थांबे बघतेस. मी म्हणायचे, तुझं बालपण गाडीच्या खिडकीत गेलं, माझं थांब्यावर. ज्याचं त्याला.

वडील गेले, भावानं टपरीचं छोटं हॉटेल केलं, त्यानंतरच्या वसंतात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडं आली. विमानात बसताना तिला काम होतं, लेकीला भेटणं. पण एकदा भेटून झाल्यावर तिचं काम संपलं. मी म्हटलं, बागेत जाऊ. काम काय? समुद्रावर जाऊ. काम काय? जावयानं ट्यूलिपची तिकिटं काढायचं ठरवलं, त्याला ती फार प्रेमानं म्हणाली की फुलं असतील, छान असतील, माझा विश्वास आहे तुमच्यावर. सुपरमार्केटला मात्र ती आनंदानं यायची, कारण ते काम होतं. तिथं कोबी कसा निवडावा हे ती शेजारच्या डच बाईला हातवाऱ्यांनी शिकवायची.

उरलेला वेळ ती खिडकीत बसायची. आमच्या घरासमोर बसथांबा आहे. तिथं कोण चढतं, कोण उतरतं, कोणती बस रिकामी जाते, सगळं तिला आठवडाभरात पाठ झालं. ती मागं तिच्या वळणावर बसायची तशीच इथं बसली होती. मला ते पाहवेना. माझं आयुष्य बदललं, हिचं फक्त खिडकीचं बाकडं बदललं. परतीचं विमान जवळ येत चाललं होतं आणि मला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी हिनं एकदा तरी काहीही काम नसताना कुठंतरी जावं. रागानं, लाडानं, सगळ्या प्रकारे सांगून झालं होतं. ती हसायची आणि भाजी निवडायला घ्यायची.

एक दिवस तिनंच विचारलं, ही समोरची गाडी कुठवर जाते? मी सांगितलं, राइनच्या काठावर एक गाव आहे, तिथवर. त्याच्या पुढं नदी, नदीपलीकडं दुसरीकडं जाणारे रस्ते. शेवटचं गाव.

"म्हंजे आपल्यासारखं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तितं ड्रायव्हरच्या जेवणाचं कोण बघतं?"

मला खरं तर सांगता आलं असतं, की आई, इथं तसं नसतं, बस दिवसातून कितीतरी वेळा जाते आणि येते, मुक्काम-बिक्काम काही नसतो. मी म्हणाले, माहीत नाही, कुणी बघत नसेल. शनिवारी सकाळी मला भाकरीच्या थापण्यानं जाग आली. ओट्यावर दोन डबे उभे होते. ज्वारीचं पीठ मी इथल्या सुरिनामी लोकांच्या दुकानातून आणून ठेवलेलं होतं. पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आई नवं लुगडं नेसून, वर माझं जॅकेट घालून तयार होती.

नवरा दारात उभा राहून हळूच म्हणाला, अगं, ड्रायव्हर घेणार नाही, इथं अनोळखी माणसाचं खात नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे. मग कशाला? मी म्हटलं, ती घराबाहेर पडतेय ना.

बसमध्ये चढल्यावर मी दोघींची तिकिटाची कार्डं यंत्राला टेकवली. आई दांडा धरून उभी राहिली आणि मागं-पुढं बघू लागली. कंडक्टर कुठाय? नसतो, मी सांगितलं. तिला ते काही पटलं नाही. हातातल्या दुसऱ्या डब्याकडं तिनं अशा काही नजरेनं पाहिलं, की जणू पंगत बसली आणि एक पान रिकामं राहिलं. ड्रायव्हर बाई होती, वयानं आईपेक्षा थोडी लहान, पांढरे केस अगदी आखूड कापलेले. हे मात्र आईला एकदम पटलं. ती पुढच्याच सीटवर बसली, बाईच्या मागं, चाकावरचे हात दिसतील अशी.

मी तिला खिडकीकडं बसवलं. शहर संपलं आणि बस पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून पाण्यातून काढलेल्या जमिनीत, उतरली. सखल हिरवी जमीन, मधून चकाकणारी डबकी, बुटक्या विलोच्या झाडांची ओळ. वारा होता, गवत एका बाजूला झोपत होतं आणि परत उठत होतं. एका खांबावरच्या घरट्यात करकोचा एका पायावर उभा होता, इतका स्थिर की आईनं तो पुतळा आहे असं ठरवून टाकलं आणि तेवढ्यात त्यानं पंख झाडले. ती दचकली आणि तोंडाला पदर लावून हसली. पुढं लांब केसांच्या गाई रस्त्याकडं बघत होत्या. कुणी घाई करत नव्हतं. बसचा आवाजसुद्धा झोपेत ऐकू यावा तसा यायचा. मी आईकडं बघत होते आणि आई बाहेर बघत होती, आणि मधेच मला वाटलं की या बसला शेवटचा थांबा नसला तरी चालेल.

पण तो आला. बांधाच्या कुशीत विटांची घरं, एक चर्च, एक वळण. तिथं बस थांबली. बाकीची दोन माणसं उतरून गेली. बाईनं इंजिन बंद केलं, थर्मास उघडला आणि पायरीवर येऊन उभी राहिली. आई पुढं झाली आणि डबा तिच्यासमोर धरला. दोन्ही हातांनी, मानानं.

बाई गोंधळली. माझ्याकडं बघून डचमध्ये तिनं विचारलं, यांचा वाढदिवस आहे का? इथली रीत आपल्या उलट आहे, ज्याचा वाढदिवस त्यानं सगळ्यांना खायला द्यायचं. त्याशिवाय कुणी अनोळखी माणसाला असं काही का देईल, हे तिला सुचेना. मी आईला मराठीत सांगितलं की ही असं असं विचारतेय. आईला आपला वाढदिवस माहीत नाही. पासपोर्टवर शाळेतल्यासारखी एक जूनची तारीख आहे, ती कुणा साहेबानं टाकलेली.

आईनं डबा तसाच पुढं धरून ठेवला. मग म्हणाली, "सांग, हाय म्हणून. खाईल तरी बिचारी."

मी सांगितलं, आहे. मग काय, बाईनं आईचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि अभिनंदन केलं. मग माझाही हात घेतला आणि आईच्या वाढदिवसाबद्दल माझंही अभिनंदन केलं, कारण इथं घरातल्या सगळ्यांचंच करतात. तिनं डबा उघडला, वास घेतला आणि भाकरीचा तुकडा पिठल्याला लावून उभ्याउभ्याच खाल्ला. तिखट लागलं असावं, डोळे पाणावले, पण दुसरा तुकडा तिनं स्वतःहून तोडला. आई समोर उभी राहून बघत होती. हे बघणं मला लहानपणापासून पाठ आहे. समोरच्याचं पोट भरतंय की नाही एवढंच त्या नजरेत असतं.

मग आईनं विचारलं, झोपायची सोय कुठं आहे हिची? आता मला सांगावंच लागलं. ही मुक्कामाला नाही राहत, आई. चहा पिऊन झाला की परत जाणार. रात्री आपल्या घरी जाऊन झोपणार.

"आँ?" आई म्हणाली. "मग डबा कशाला आणला आपण?"

बाईनं उरलेला घास संपवला, डबा बंद करून आईला परत दिला, घड्याळ पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. दार उघडंच होतं. आम्ही चढणार असं तिनं गृहीत धरलं असावं. मीही पायरीकडं वळले, कारण आईचं काम संपलं होतं आणि काम संपल्यावर आई कुठं थांबत नाही. मागं वळून पाहिलं तर ती बांधाकडं जाणाऱ्या पायऱ्यांकडं बघत होती.

"ही जाऊ दे," ती म्हणाली. "दुसरी येईल की."

ज्या बाईच्या आयुष्यात गाडी चुकणं म्हणजे दिवस बुडणं होतं, तिनं समोर उभी असलेली, दार उघडं ठेवलेली गाडी सोडून दिली. मी ड्रायव्हरला हात हलवून जायला सांगितलं. बस वळसा घेऊन गेली आणि तिच्यामागं त्या गावात फार मोठी शांतता उरली.

आम्ही बांधावर चढलो. वर एक बाक होतं आणि खाली राइन. पाणी रुंद होतं, काठोकाठ भरलेलं, आणि त्याच्यावर ऊन असं पडलं होतं की वाहतंय ते पाणी की ऊन, सांगता येत नव्हतं. एक लांब मालवाहू बोट आली. तिच्या मागच्या टोकाला छोटं घर होतं, खिडक्यांना पडदे, पडद्यांमागं कुंड्या, छपरावर एक मोटारगाडी आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. आई मान वळवत वळवत ती बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. "घर चाललंय," एवढंच म्हणाली. त्या माणसांना आपण कुठं उतरतोय हे ठाऊक असेल का, असं काहीतरी मी विचारत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. हंसांची एक रांग पाण्यावरून खूप खाली उडत गेली आणि त्यांच्या पंखांचा आवाज नंतर येऊन पोचला.

भूक लागली तेव्हा आमच्याकडं एकच भरलेला डबा होता. कंडक्टरचा. आईनं तो मांडीवर घेतला, पण उघडेना. मी म्हटलं, अगं उघड की, कंडक्टर काही यायचा नाही. तिनं झाकण काढलं, एक भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि दुसरी आपल्या. आणि जेवायला लागली. शेवटच्या थांब्यावर आलेल्या पाहुण्याचा डबा, आणि खाणारी ती. मी नदीकडं तोंड केलं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. तो व्हिडिओवर, मागं हॉटेलातली गिऱ्हाइकं. आई मोकळ्यावर बसलेली बघून त्याला काळजी वाटली. कुठं आहेस, त्यानं विचारलं, आणि लगेच आमच्या घरातला पुढचा प्रश्न. "काय काम होतं तिकडं?"

आईनं घास चावून गिळला. "काम न्हवतं," ती म्हणाली. "बघायला आलेय."

तो पलीकडं हसला आणि म्हणाला की मग दाखव तरी काय बघतेयस. आईनं फोन माझ्याकडून घेतला आणि नदीकडं धरला, उलटा, त्यामुळं त्याला बहुतेक तिचं कपाळच दिसलं असणार. ती मात्र त्याला सगळं सांगत होती. ही नदी, हे हंस, ते पलीकडचं गाव. ड्रायव्हर बाई होती आणि जेवली पोटभर. आणि हो, तुझ्या आईचा आज वाढदिवस आहे, कोणाला सांगू नको.

आणखी एक बस आली आणि गेली, तीही आम्ही सोडली. ऊन तिरपं झालं, पाण्यावरचा चकाकता पट्टा पलीकडच्या काठाला जाऊन लागला, आणि मग आम्ही उतरलो. परतीच्या बसमध्ये आई खिडकीला डोकं टेकून झोपली. दोन रिकामे डबे माझ्या मांडीवर होते.

आमच्या घरात पहिली पदवी मी मिळवली, आणि ती त्या मुक्कामी गाडीवर मिळवली. आई त्या गाडीतून कधी कुठं गेली नाही. त्या शनिवारी मात्र ती राइनच्या काठावर फिरायला गेली, जेवली, आणि मनाला येईल तेव्हा घरी आली.